खासगी कॉलेजची फी : आकड्याआधी प्रवेशाचा मार्ग पाहावा

बारावीनंतर अभियांत्रिकी, फार्मसी किंवा व्यवस्थापनाच्या खासगी कॉलेजची चौकशी करणारे पालक सर्वांत आधी विचारतात ते "फी किती?" हेच. प्रश्न रास्त आहे, परंतु महाराष्ट्रात त्याचे उत्तर एका आकड्यात देता येत नाही. एकाच वर्गात, एकाच बाकावर बसलेल्या चार विद्यार्थ्यांपैकी एक जण पूर्ण फी भरत असतो, दुसरा निम्म्याच्या आसपास, तिसरी दहा-बारा हजार रुपये आणि चौथा त्याहूनही कमी. हा फरक कॉलेजने कोणावर दाखवलेल्या मेहेरबानीमुळे पडत नाही. विद्यार्थी कोणत्या मार्गाने त्या वर्गात आला, त्याचा प्रवर्ग कोणता आणि त्याच्या घरचे उत्पन्न किती, या तीन गोष्टींवर तो ठरतो; आणि या तिन्हींपैकी पालकांच्या हाती खऱ्या अर्थाने असलेली गोष्ट एकच, ती म्हणजे प्रवेशाचा मार्ग. सवलतीच्या योजनांची माहिती बहुतेकांना थोडीफार असते, पण ही सवलत प्रवेशाच्या मार्गाला बांधलेली आहे हे अनेकांच्या लक्षात येते ते प्रवेश पक्का झाल्यावर, म्हणजे उशिरा.

फी ठरवते कोण?

आजची रचना समजून घेण्यासाठी थोडे मागे जावे लागते. वसंतदादा पाटील मुख्यमंत्री असताना १९८३ मध्ये राज्याने विनाअनुदानित तत्त्वावर खासगी अभियांत्रिकी कॉलेजांना परवानगी दिली. सरकार पगाराला पैसे देणार नाही, खर्च विद्यार्थ्यांच्या फीतून भागवायचा, असा तो व्यवहार होता. त्यातूनच "डोनेशन" हा शब्द घराघरांत पोहोचला आणि १९८७ मध्ये राज्याला कॅपिटेशन फीवर, म्हणजे प्रवेशासाठी ठरलेल्या फीपेक्षा जास्त घेतल्या जाणाऱ्या रकमेवर, बंदी घालणारा कायदा करावा लागला. पुढे हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात वारंवार गेला. १९९३ च्या उन्नीकृष्णन निकालाने खासगी कॉलेजांतील जागांची फ्री सीट आणि पेमेंट सीट अशी विभागणी केली होती. त्यात पेमेंट सीटवरचा विद्यार्थी आपल्या फीतून फ्री सीटवरच्या विद्यार्थ्याचा खर्च उचलत असे. २००२ मध्ये टी. एम. ए. पै फाउंडेशन खटल्यात अकरा न्यायमूर्तींच्या घटनापीठाने ही योजना मोडीत काढली. संस्थेला आपला खर्च भागवून वाढीसाठी वाजवी शिल्लक ठेवता येईल, मात्र नफेखोरी करता येणार नाही आणि कॅपिटेशन फी घेता येणार नाही, असे तत्त्व त्यातून पुढे आले. २००३ च्या इस्लामिक अकॅडमी निकालाने फी तपासण्यासाठी निवृत्त न्यायमूर्तींच्या अध्यक्षतेखाली समित्या नेमण्यास सांगितले आणि २००५ च्या पी. ए. इनामदार विरुद्ध महाराष्ट्र राज्य या निकालाने ही चौकट आणखी स्पष्ट केली.

महाराष्ट्रात आज या साऱ्याचे कायदेशीर रूप म्हणजे विनाअनुदानित खासगी व्यावसायिक शैक्षणिक संस्थांच्या प्रवेशाचे व शुल्काचे विनियमन करणारा २०१५ चा अधिनियम. या कायद्याखालील शुल्क नियामक प्राधिकरण प्रत्येक कॉलेजचा लेखापरीक्षित जमाखर्च मागवते, पगार, प्रयोगशाळा, इमारत, देखभाल यांपैकी कोणता खर्च मान्य करायचा ते ठरवते आणि त्यावरून प्रत्येक विद्यार्थ्यामागची फी निश्चित करते. म्हणूनच एकाच शहरातील, एकाच विद्यापीठाशी संलग्न असलेल्या दोन कॉलेजांच्या फीत मोठी तफावत असू शकते. जास्त फी म्हणजे जास्त दर्जा असा अर्थ मात्र त्यातून काढू नये. जुन्या, अनुभवी आणि वरच्या वेतनश्रेणीतील प्राध्यापक असलेल्या संस्थेचा खर्च जास्त भरतो हे खरे, पण ज्या संस्थेने अलीकडेच मोठे बांधकाम केले तिचाही खर्च जास्तच भरतो.

प्राधिकरणाने मान्य केलेल्या फीचे मुख्यतः दोन भाग असतात : शिक्षण शुल्क, म्हणजे ट्यूशन फी, आणि विकास शुल्क, म्हणजे डेव्हलपमेंट फी. पावतीवरच्या या दोन ओळी वेगवेगळ्या वाचायची सवय लावून घ्यावी, कारण पुढची जवळजवळ प्रत्येक सवलत यांपैकी पहिल्या ओळीवर मिळते, दुसरीवर नाही. वसतिगृह, मेस, बस, गणवेश, विमा, अनामत रक्कम, विद्यापीठाची निरनिराळी शुल्के या गोष्टी त्या मान्य फीच्या बाहेरच्या असतात आणि प्रवेशाच्या दिवशी हाती पडणाऱ्या आकड्यात त्या कित्येकदा एकत्र मिसळलेल्या असतात. वसतिगृह किंवा बस घ्यायची की नाही हा विद्यार्थ्याचा प्रश्न आहे. त्याची रक्कम फीच्या जोडीने सक्तीने मागितली जात असेल, तर मान्य फी किती आणि इतर आकार किती, हे लेखी मागण्यात संकोच करण्याचे कारण नाही.

येथे एक महत्त्वाचा अपवाद ध्यानात ठेवायला हवा. अभिमत विद्यापीठे आणि स्वयंअर्थसहाय्यित खासगी विद्यापीठे या प्राधिकरणाच्या कक्षेत येत नाहीत. त्यांची फी ठरवण्याची पद्धत वेगळी आहे आणि राज्याच्या फी सवलतीच्या प्रमुख योजनाही तेथे लागू होत नाहीत. गावातल्या एखाद्या शिक्षणसंस्थेचे नाव तेच, प्रवेशद्वार तेच, पण आतल्या एका कॉलेजवर "अभिमत विद्यापीठाचा घटक" अशी पाटी असेल आणि दुसऱ्यावर "विद्यापीठाशी संलग्न" अशी असेल, तर पालकांच्या खिशाच्या दृष्टीने ती दोन अगदी वेगळी कॉलेजे आहेत.

कॅप आणि त्याबाहेरचे दार

खासगी कॉलेजमधील बहुतांश जागा राज्याच्या सीईटी कक्षामार्फत, केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून भरल्या जातात. विद्यार्थी आणि पालक तिला "कॅप राउंड" म्हणतात. सीईटीचे गुण, पसंतिक्रमाचा अर्ज, फेऱ्या आणि वाटपपत्र असा तिचा क्रम असतो. याखेरीज काही जागा संस्था स्तरावर, म्हणजे बोलीभाषेत "मॅनेजमेंट कोट्यातून" भरल्या जातात. याशिवाय कॅपच्या फेऱ्या संपल्यावर रिकाम्या राहिलेल्या जागाही नंतर कॉलेज स्वतः भरते.

राज्याची फी सवलत प्रामुख्याने कॅपमधून आलेल्या विद्यार्थ्यासाठी आहे. मॅनेजमेंट कोट्यातून प्रवेश घेतलेला विद्यार्थी उत्पन्नाने कितीही पात्र असला, तरी शिक्षण शुल्काच्या सवलतीला मुकतो. इथे घरोघरी होणारी एक गफलत सांगणे भाग आहे. हव्या त्या शाखेला कॅपमध्ये नंबर लागला नाही म्हणून त्याच कॉलेजात मॅनेजमेंट कोट्यातून ती शाखा घेतली जाते. त्या वेळी तुलना होते ती फक्त दोन शाखांची. खरी तुलना मात्र सवलतीची चार वर्षे आणि सवलतीविना चार वर्षे यांची असते. मनासारख्या शाखेसाठी ती किंमत मोजणे योग्य असूही शकते, पण ती मोजतो आहोत हे आधी ठाऊक असले पाहिजे. कॅपनंतर रिकाम्या जागेवर संस्था स्तरावर प्रवेश घेतानाही सवलत गृहीत धरू नये. तंत्रशिक्षण संचालनालयाची त्या वर्षीची माहितीपुस्तिका वाचावी आणि कॉलेजच्या शिष्यवृत्ती विभागाकडून उत्तर लेखी घ्यावे.

अमेरिकेतल्या खासगी कॉलेजांबद्दल ऐकलेले असते की तेथे जाहीर फी एक असते आणि कॉलेज स्वतःच्या निधीतून अनुदान देऊन ती गरजू विद्यार्थ्यासाठी कमी करते. आपल्याकडे चित्र याच्या उलट आहे. येथे कॉलेज सहसा काहीच सोडत नाही. ठरलेली फी त्याला मिळतेच, फक्त तिचा काही भाग विद्यार्थ्याऐवजी शासन भरते. त्यामुळे प्राचार्यांना भेटून "काही कमी करा" अशी विनंती करण्यात जाणारा वेळ कागदपत्रांवर घालवला तर त्याचा उपयोग जास्त होतो.

कोणाला किती?

खुल्या प्रवर्गातील, आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकातील किंवा सामाजिक व शैक्षणिक मागास प्रवर्गातील मुलासाठी मुख्य योजना म्हणजे राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती योजना. कॉलेजच्या कार्यालयात तिला आजही जुन्या नावाने "ईबीसी" म्हणतात. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ८ लाख रुपयांपर्यंत असेल आणि प्रवेश कॅपमधून असेल, तर शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क यांची निम्मी रक्कम शासन देते. एका कुटुंबातील दोनच अपत्यांना हा लाभ मिळतो, हेही लक्षात ठेवावे. इतर मागास वर्गातील मुलांनाही निम्मीच सवलत मिळते, तर विमुक्त जाती, भटक्या जमाती आणि विशेष मागास प्रवर्गातील विद्यार्थ्यांना या दोन्ही शुल्कांची पूर्ण प्रतिपूर्ती मिळते.

मुलींच्या बाबतीत २०२४ मध्ये मोठा बदल झाला. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक, सामाजिक व शैक्षणिक मागास प्रवर्ग आणि इतर मागास वर्ग यांतील, ८ लाखांपर्यंत कौटुंबिक उत्पन्न असलेल्या आणि कॅपमधून व्यावसायिक अभ्यासक्रमाला प्रवेश घेतलेल्या मुलींना पूर्वीच्या ५० टक्क्यांऐवजी शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्काचा १०० टक्के लाभ २०२४–२५ या शैक्षणिक वर्षापासून लागू झाला. "मुलींना उच्च शिक्षण मोफत" अशा शब्दांत ही बातमी घराघरांत पोहोचली आणि त्यामुळेच कॉलेजच्या खिडकीवर वादही झाले. शासन निर्णयात "शिक्षण शुल्क व परीक्षा शुल्क" असे शब्द आहेत. विकास शुल्क, वसतिगृह, मेस आणि पुस्तके त्यात येत नाहीत. योजना मोलाची आहे, तिचे जाहीर नाव मात्र तिच्यापेक्षा मोठे आहे.

अनुसूचित जाती व जमातींच्या विद्यार्थ्यांसाठी भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे. तिची उत्पन्नमर्यादा २.५ लाख रुपये असून तीत फीबरोबर निर्वाह भत्ताही मिळतो. अनुसूचित जातींच्या योजनेत अलीकडे केंद्राचा वाटा ६० टक्के आणि राज्याचा ४० टक्के ठरला असून केंद्राचा वाटा थेट विद्यार्थ्याच्या बँक खात्यात जमा होतो. याचा व्यवहारातला अर्थ असा की खात्यात आलेल्या त्या रकमेतला फीचा भाग कॉलेजला द्यायचा असतो. घरात अडचण असताना आलेले पैसे खर्च होतात आणि वर्षाअखेरीस कॉलेज थकबाकी दाखवते, असे प्रसंग घडतात. म्हणून रक्कम जमा होताच तिचा हिशेब वेगळा ठेवणे बरे. उत्पन्न २.५ लाखांपेक्षा जास्त असलेल्या अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी राज्याची "फ्रीशिप" म्हणून ओळखली जाणारी वेगळी योजना आहे. तिच्यात शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क मिळते, निर्वाह भत्ता मिळत नाही.

या सगळ्यापासून थोडी वेगळी योजना म्हणजे टीएफडब्ल्यूएस, अर्थात शिक्षण शुल्क माफी योजना. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या या योजनेत मंजूर जागांच्या ५ टक्के जागा वाढीव असतात आणि कॅपच्या पसंतिक्रमात त्या वेगळ्या कोडने दिसतात. येथे शासन फी भरत नाही, कॉलेजलाच शिक्षण शुल्क माफ करावे लागते. त्यामुळे अनुदान येण्याची वाट पाहावी लागत नाही. उत्पन्नमर्यादा ८ लाख रुपयेच आहे. मात्र या जागांवर चुरस मोठी असते आणि एकदा प्रवेश घेतल्यावर कॉलेज किंवा शाखा बदलता येत नाही. कमी गुणांच्या मुलाने पसंतिक्रमात हा कोड वर टाकला तर काहीच बिघडत नाही, नंबर लागला नाही तर पुढच्या पसंतीचा विचार होतोच. तरीही भीतीपोटी हे कोड गाळणारे विद्यार्थी दरवर्षी आढळतात.

आता एक उदाहरण घेऊ. यातले आकडे केवळ समजण्यासाठी घेतले आहेत. समजा, एका कॉलेजची मान्य फी वर्षाला १,२०,००० रुपये असून त्यात शिक्षण शुल्क १,०८,००० आणि विकास शुल्क १२,००० आहे. मॅनेजमेंट कोट्यातून आलेला विद्यार्थी निदान पूर्ण १,२०,००० रुपये भरेल. ईबीसीचा मुलगा शिक्षण शुल्काचे निम्मे, म्हणजे ५४,००० आणि विकास शुल्काचे १२,००० असे ६६,००० रुपये भरेल. शंभर टक्के सवलतीची मुलगी किंवा टीएफडब्ल्यूएसचा विद्यार्थी फक्त १२,००० भरेल. चार वर्षांच्या अभ्यासक्रमात, फी तेवढीच राहिली असे मानले तरी, हे आकडे अनुक्रमे ४,८०,०००, २,६४,००० आणि ४८,००० रुपये होतात. वर्ग एक, शिक्षक एक, पदवी एक.

पैसे केव्हा येतात?

पात्र असणे आणि पैसे हातात पडणे यांत बराच काळ जातो. अर्ज महाडीबीटी या संकेतस्थळावर करायचा, तो आधी कॉलेज तपासते, मग संबंधित विभाग, मग रक्कम मंजूर होते, आणि तीही बहुधा टप्प्याटप्प्याने. शासनाकडून प्रतिपूर्ती वेळेवर येत नाही ही संस्थांची जुनी तक्रार आहे आणि ती खोटी नाही. तरीही त्या विलंबाचा भार विद्यार्थ्यावर टाकता येत नाही. पात्र विद्यार्थ्याकडून सवलतीची रक्कम प्रवेशाच्या वेळी मागू नये अशा सूचना शासनाने वेळोवेळी दिलेल्या आहेत. "आधी पूर्ण भरा, शिष्यवृत्ती आली की परत देऊ" असे कोणी सांगत असेल तर त्या सूचनेकडे बोट दाखवावे, आणि भरावेच लागले तर "शिष्यवृत्ती मिळाल्यावर परत देय" असा उल्लेख असलेली पावती घ्यावी.

अर्ज अडकतो तो बहुतेक वेळा क्षुल्लक वाटणाऱ्या कारणांनी. सर्वांत मोठे कारण बँक खाते. आपण अर्जात लिहिलेल्या खात्यात पैसे येतात असा समज असतो. प्रत्यक्षात ते आधार क्रमांकाशी थेट लाभासाठी जोडलेल्या खात्यात जातात, आणि कधीकाळी शाळेत काढलेले, आता बंद पडलेले खातेच तेथे जोडलेले निघते. बँकेत जाऊन आधार "सीडिंग" कोणत्या खात्याला आहे हे अर्जाआधीच तपासावे. दुसरे कारण दाखल्यांची मुदत. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, नॉन क्रीमीलेयर आणि ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक) प्रमाणपत्र हे त्या त्या वर्षासाठी वैध असावे लागतात; जात वैधता प्रमाणपत्राला तर महिनोन्‌महिने लागतात, त्यामुळे त्याचा अर्ज अकरावीतच करणे शहाणपणाचे. आणि तिसरे असे की एकदा मंजूर झालेली शिष्यवृत्ती आपोआप पुढे चालू राहत नाही, तिचे नूतनीकरण दरवर्षी करावे लागते. दुसऱ्या वर्षी अर्जच न भरल्यामुळे सवलत गमावणारे विद्यार्थी थोडेथोडके नाहीत.

राहण्या-खाण्याचा खर्च फीइतकाच, कधी फीपेक्षाही जास्त होतो, आणि त्यासाठी वेगळ्या योजना आहेत हे पुष्कळांना माहीत नसते. अल्पभूधारक शेतकरी व नोंदणीकृत मजुरांच्या मुलांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजना, अनुसूचित जातींसाठी भारतरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना, अनुसूचित जमातींसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयम् योजना आणि इतर मागास व भटक्या-विमुक्त विद्यार्थ्यांसाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना. भत्त्याची रक्कम शहर किती मोठे आहे त्यानुसार बदलते. तंत्रशिक्षण घेणाऱ्या मुलींसाठी तंत्रशिक्षण परिषदेची "प्रगती" आणि दिव्यांग विद्यार्थ्यांसाठी "सक्षम" शिष्यवृत्ती वर्षाला ५०,००० रुपये देते.

उरलेल्या रकमेसाठी कर्ज

सवलती वजा जाता उरलेल्या रकमेसाठी शैक्षणिक कर्ज घ्यावे, आधी नाही. बँकांच्या नमुना योजनेनुसार ४ लाख रुपयांपर्यंत तारण लागत नाही, आणि पत हमी योजनेच्या आधारे ७.५ लाखांपर्यंत विनातारण कर्ज मिळू शकते. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्राने पीएम विद्यालक्ष्मी योजना मंजूर केली. तीत गुणवत्ताप्राप्त संस्थांच्या यादीतील कॉलेजसाठी तारण आणि जामीनदार यांशिवाय कर्ज मिळते आणि ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्यांना १० लाखांपर्यंतच्या कर्जावर ३ टक्के व्याज सवलतीची तरतूद आहे. आपले कॉलेज त्या यादीत आहे का, हे पाहणे येथे सर्वांत महत्त्वाचे, कारण बहुसंख्य खासगी कॉलेजे त्या यादीत नाहीत.

शिक्षण चालू असताना आणि त्यानंतर साधारण एक वर्ष हप्ता भरावा लागत नाही, म्हणून त्या काळात व्याजही नाही असे समजू नये. चार वर्षे दरवर्षी एक लाख रुपये असे चार लाख उचलले आणि व्याजदर १० टक्के सरळव्याजाने धरला, तर पाच वर्षांच्या शेवटी पहिल्या लाखाचे ५०,०००, दुसऱ्याचे ४०,०००, तिसऱ्याचे ३०,००० आणि चौथ्याचे २०,००० असे १,४०,००० रुपये व्याज साठलेले असते. म्हणजे पहिला हप्ता सुरू होतो तो ५,४०,००० रुपयांवर. शिकत असतानाच दरमहा फक्त व्याज भरणे जमले तर हा डोंगर उभा राहत नाही. ४.५ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांसाठी या काळातले व्याज केंद्रीय व्याज अनुदान योजनेतून (सीएसआयएस) केंद्र सरकार भरते, मात्र अभ्यासक्रम व्यावसायिक असावा लागतो आणि दर्जा तपासणाऱ्या संस्थांपैकी नॅकने कॉलेजचे किंवा एनबीएने अभ्यासक्रमाचे मूल्यांकन केलेले असावे लागते. बँकेचा कर्मचारी ही योजना स्वतःहून सांगेलच असे नाही. तिचे नाव घेऊन विचारावे लागते.

प्रवेश रद्द करायची वेळ आली, तर सीईटी कक्षाने जाहीर केलेल्या अंतिम तारखेच्या आत अर्ज केल्यास प्रक्रिया शुल्क म्हणून जास्तीत जास्त १,००० रुपये कापून उरलेली फी कॉलेजने परत करायची असते. मूळ गुणपत्रिका किंवा शाळा सोडल्याचा दाखला अडकवून ठेवण्याचा अधिकार कोणत्याही कॉलेजला नाही. मान्य फीपेक्षा जास्त रक्कम घेतली गेली असेल तर तक्रार शुल्क नियामक प्राधिकरणाकडे करता येते. प्रत्येक कॉलेजची मान्य फी प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर पाहता येते, आणि त्या पानाची छापील प्रत प्रवेशाच्या दिवशी बरोबर असली तर बहुतेक वाद खिडकीवरच मिटतात.